चिंधी फुकट, हात फुकट नाहीत



आम्ही शहादा तालुक्यातल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या बाया. आम्ही अकरा जणी आहोत आणि आमच्यात तीन शिलाई मशिनी आहेत. आज आम्ही तुम्हाला उरलेल्या कापडातून डब्याची पिशवी कशी शिवायची ते सांगणार आहोत. पण पिशवीच्या आधी आमची फजिती सांगतो. पिशवी शिवायला कुणीही शिकवेल. फजिती मात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते, आणि तुम्ही ती ऐकलीत तर तुमचे पैसे आणि कष्ट वाचतील.

शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात मशिनीखाली एक गाठोडं असतं. ब्लाउजचे उरलेले तुकडे, परकराच्या कडा, फॉलच्या पट्ट्या, कुणाच्या लुगड्याचा धड राहिलेला पदर. टाकवत नाही आणि कामालाही येत नाही. आमच्या गाठोड्यात तर २०२० सालच्या मास्कचं कापडही होतं. त्या वर्षी राज्यभरात बचत गटांनी मास्क शिवले, तसे आम्हीही शिवले होते. काम संपलं आणि सुती कापडाचे तुकडे तसेच राहिले.

दुसरीकडे काय चाललं होतं बघा. एस.टी.ने शहाद्याला शिकायला जाणाऱ्या आमच्या मुली डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायच्या. पिशवी दोन दिवसांत फाटायची. शेतावर जाताना भाकरी फडक्यात बांधायची आणि भाजीचा डबा पुन्हा प्लॅस्टिकमध्ये. आमच्यातल्या दोघी हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातात. त्या सांगायच्या, दुपारी डबा उघडला की पहिल्या घासालाच ठसका लागतो. नुसत्या हवेत इतकी मिरची असते, मग उघड्या पिशवीत किती जाऊन बसत असेल!

तेव्हा आम्हाला वाटलं, गाठोडंही आहे आणि गरजही आहे. शिवूया पिशव्या.

तालुक्याच्या गावातल्या एका कार्यक्रमासाठी आम्हाला ४० पिशव्यांचं काम मिळालं. एका पिशवीला २५ रुपये ठरले. चाळीस पंचविसे हजार. कापड तर फुकटच, मग हजारच्या हजार नफा, असा आमचा हिशेब! नऊ दिवस आम्ही घरची कामं उरकून बसत होतो. लहान लहान तुकडे जोडले, फुलं लावली, काठ लावले. दारावरून जाणारी एक आजी डोकावली आणि म्हणाली, ''काय करी राहिनी वं?'' आम्ही तिला पिशवी दाखवली तर तिने ती हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली. आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आठवड्याने निरोप आला. पट्टे तुटत आहेत. एकीचा डबा भर रस्त्यात पडून वरण सांडलं. पिशव्या परत येऊ लागल्या. आम्ही पैसे परत केले. गटाच्या बैठकीत त्या दिवशी कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. दोघी तर म्हणाल्या, हे आपलं काम नव्हे, आपण पुन्हा निंदणीला जाऊ.

त्या बैठकीत दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन गोष्टींसाठीच आज आम्ही तुमच्याशी बोलतो आहोत.

पहिली गोष्ट. आमच्यात एक मावशी आहेत. त्यांचा जन्म गोधड्या शिवण्यात गेला. त्यांनी एक तुटकी पिशवी घेतली, उलटी केली आणि पट्टा जिथून सुटला होता तिथे बोट ठेवलं. शिवण उसवलीच नव्हती. दोरा शाबूत होता, कापडच फाटलं होतं. मावशी म्हणाल्या, ''गोधडीत जुनं कापड पोटात घालतात गं. वरचं धडकं लागतं. तुम्ही विरलेल्या लुगड्याचा पट्टा केला आणि त्यावर डबा टांगला.''

किती साधी गोष्ट! आपल्या आज्या, पणज्या हे जाणून होत्या. गोधडीतलं सगळं कापड जुनंच असतं, पण कुठलं जुनं कुठे घालायचं याचं शास्त्र असतं. आपल्याकडची गोधडी काय, बंगालमधला कांथा काय आणि बिहारमधली सुजनी काय, सगळीकडे बायकांनी जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र केले आणि विरलेल्या कापडाला पुन्हा अंग दिलं. आम्ही मात्र रंग बघत बसलो आणि ताकद बघायची विसरलो.

दुसरी गोष्ट. गटाचं दप्तर सांभाळणारी आमची सचिव म्हणाली, ''पिशव्या परत आल्या नसत्या तरी आपलं नुकसानच होतं.'' आम्हाला ते पटेना. तेव्हा तिने वहीत मांडून दाखवलं. एका पिशवीला जोडाजोडीसकट तीन तास लागले. ४० पिशव्यांना १२० तास. हजार रुपयांना १२० ने भागलं तर तासाला सव्वाआठ रुपये. दोरा, सुया, मशिनीचं तेल त्यात धरलंच नव्हतं.

आता तुलना करा. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये होतात. म्हणजे सावलीत बसून, हुन्नर लावून, डोळे फोडून आम्ही जे काम केलं, त्याचे आम्हाला माती उचलण्याच्या मजुरीच्या पाव हिश्शाहूनही कमी मिळणार होते. आणि ते कमी कुणी दिले? दुसऱ्या कुणी नाही. भाव आम्हीच सांगितला होता. आम्ही म्हणालो होतो, ''कापड काय, फुकटचंच आहे.''

मैत्रिणींनो, चिंधी फुकट असते. हात फुकट नसतात. हे वाक्य आम्ही त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

आता कामाकडे वळू. आम्ही काय बदललं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी गाठोडं सोडा आणि कापड निवडा. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड जाळीसारखा दिसला तर कापड विरलं आहे. मग दोन्ही हातांनी उभं ताणा, आडवं ताणा. चर्र आवाज आला की ते बाजूला. ते फेकायचं नाही, गोधडीच्या पोटात घालायचं. जे टिकलं त्याचे तीन ढीग करा. जाड आणि धड कापड पट्ट्यांसाठी. मध्यम आणि मोठे तुकडे पिशवीच्या अंगासाठी. मऊ, सुती, फिक्या रंगाचं कापड आतल्या अस्तरासाठी.

अस्तराच्या कापडाचा रंग तपासायचाच. पांढरं फडकं ओलं करा आणि कापडावर जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड आत लावू नका. नवं सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर पिशवीत डबा जात नाही. हेही आम्ही अनुभवाने शिकलो.

सुरतेकडून येणारं साड्यांचं चकचकीत कापड आपल्या भागात भरपूर मिळतं. ते दिसायला छान असतं आणि लवकर वाळतं. ते बाहेरून वापरा, आतून नाही. भाकरीची वाफ सुती कापड शोषून घेतं, हे चकचकीत कापड शोषत नाही, मग भाकरीला पाणी सुटतं. आणि अशी पिशवी चुलीजवळ ठेवू नका. ते कापड जळण्याआधी वितळतं आणि अंगाला चिकटतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जरा कान देऊन ऐका. पिशवी आतून ओली होऊ नये म्हणून काही जणी खताची गोणी कापून आत लावतात. कपाशीच्या किंवा मिरचीच्या फवारणीच्या औषधाची पिशवी, बियाण्याची पिशवी, सिमेंटची गोणी, काहीही लावतात. असं कधीही करू नका. कितीही धुतलं तरी विणीच्या फटीत औषध राहू शकतं. पेरणीच्या बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं, म्हणून तर ते रंगीत दिसतं. ज्या पिशवीत आपल्या लेकराची भाकरी जाणार, तिच्यात अशा वस्तूचा तुकडाही नको. डब्याखाली वर्तमानपत्राचा कागदही घालू नका. छपाईची शाई अन्नाला लागते. २०१८ सालच्या अन्नसुरक्षेच्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच केली आहे. त्याऐवजी पिशवीच्या तळाशी सुती रुमालाची घडी घाला आणि रोज धुवा. आणि डबाच गळत असेल तर पिशवी काय करणार? त्याचं रबर बदला.

आता मापं. ज्यांच्याकडे टेप नाही त्यांनी घाबरू नये. तुमचा डबा हाच तुमचा टेप. डबा किती रुंद आणि किती उंच आहे, एवढं कळलं की झालं. दोरी घेऊन गाठी मारल्या तरी चालतं.

समजा, आपला गोल डबा साडेपाच इंच रुंद आणि सात इंच उंच आहे. रुंदीत अर्धा इंच सैल सोडा, म्हणजे पिशवीचा तळ सहा बाय सहा इंचांचा होईल. त्यासाठी बाहेरच्या कापडाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येक १३ इंच रुंद आणि १५ इंच उंच. ही मापं कुठून आली तेही समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या डब्याला तुमचं तुम्हाला काढता येईल. रुंदी म्हणजे तळाची दुप्पट, बारा इंच, आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया. उंची म्हणजे अर्धा तळ तीन इंच, डबा सात इंच, वर मोकळी जागा तीन इंच, खाली अर्धा इंच माया आणि वर दुमडायला दीड इंच.

शिवणीसाठी जे कापड जास्तीचं सोडतात त्याला आपण माया म्हणतो. किती छान शब्द आहे! माया कमी पडली की शिवण सुटते. चिंधीच्या कामात आम्ही कापड वाचवण्यासाठी पाव इंचच माया सोडायचो. आता अर्ध्या इंचाखाली जात नाही.

तुकडे जोडून पिशवी करायची असेल तर नेमकं १३ बाय १५ जोडत बसू नका. जोडताना कापड इकडेतिकडे सरकतंच. आधी १५ बाय १७ इंचांचा मोठा तुकडा जोडून घ्या, इस्त्री फिरवा किंवा तांब्यात निखारे घालून तो फिरवा, आणि मग त्यातून नेमकं माप कापा.

पट्टा हा या पिशवीचा जीव आहे. चार इंच रुंद आणि ४० इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा. कापड काठाच्या दिशेने, उभ्या धाग्यात कापायचं. उरेब म्हणजे तिरकं कापड कापलं तर पट्टा रबरासारखा लांबत जातो. एवढं लांब कापड नसेल तर दोन तुकडे जोडा, पण जोड हातात धरायच्या भागात येऊ देऊ नका. पट्टीच्या दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आणा, पुन्हा मध्ये दुमडा, चार थरांचा एक इंची पट्टा होईल. दोन्ही कडांवर टीप मारा.

आता आमच्या जुन्या पिशवीत आणि नव्या पिशवीत खरा फरक कुठे आहे ते सांगतो. आधी आम्ही पट्टा फक्त तोंडाशी शिवायचो. डब्याचं सगळं वजन दोन बोटांच्या जागेवर यायचं. आता पट्टा थेट तळापासून निघतो. १३ इंच रुंदीच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चार चार इंच आत खुणा करा. पट्ट्याचं एक टोक तळाच्या कडेला लावा, पट्टा खुणेवरून सरळ वर न्या, वरून हाताचा कान करून खाली आणा आणि दुसऱ्या खुणेवरून तळापर्यंत सोडा. पट्ट्याच्या दोन्ही कडा कापडावर टीप मारून बसवा. वरचे दोन इंच मात्र मोकळे ठेवा, तिथे तोंड दुमडायचं आहे. दुसऱ्या तुकड्यालाही तसंच. आता डबा कापडावर बसत नाही, पट्ट्यांच्या पाळण्यात बसतो. पट्टा लावायच्या आधी पट्टी कुठल्या कापडाची आहे ते पुन्हा एकदा ताणून बघा. आमच्या मावशी अजूनही प्रत्येक पट्टा ताणून बघतात, आणि एखादा बाजूला टाकतात तेव्हा कुणीही वाद घालत नाही.

मग दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा. बाजू शिवा, तळ शिवा. तळाला दोन टिपा मारा, कारण पट्ट्यांची टोकं तिथेच अडकली आहेत. आता कोपरे. बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर आणा, त्रिकोणी टोक तयार होईल. टोकापासून शिवणीवर तीन इंच मोजा, तिथे आडवी रेघ ओढा. ती रेघ सहा इंचांची भरली पाहिजे. रेघेवर टीप मारा, वर अर्धा इंच माया ठेवून बाहेरचं टोक कापून टाका. दोन्ही कोपरे झाले की पिशवीला चौकोनी बूड येतं आणि ती जमिनीवर सरळ उभी राहते.

अस्तराचे दोन तुकडे १३ इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच. त्याला पट्टा नाही, बाकी शिवण तीच. फक्त बाजूच्या टिपा पाव इंच आत मारा, म्हणजे अस्तर बाहेरच्या पिशवीत गोळा होणार नाही. अस्तर पिशवीत घाला, दोन्हींच्या शिवणी मध्ये लपतील. बाहेरच्या कापडाची कड आधी अर्धा इंच, मग एक इंच अशी आत दुमडून अस्तरावर आणा आणि गोल टीप मारा. शेवटी जिथे पट्टा तोंडाशी येतो त्या चारही जागी एक चौकट शिवा आणि चौकटीत फुली मारा.

जेवण जास्त वेळ कोमट ठेवायचं असेल तर अस्तराच्या पाठीला जुन्या सुती कापडाचे दोन-तीन थर धावदोऱ्याने बसवा, गोधडीसारखे. थरांमध्ये जी हवा अडकते तीच ऊब धरून ठेवते. विरलेल्या कापडाची खरी जागा ही आहे. पण एक सांगतो, आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात भात किंवा वरण तासन् तास कोमट राहणं चांगलं नाही, ते आंबतं. उन्हाळ्यात साधं अस्तर बरं.

आणि मिरचीच्या पथारीवाल्या बहिणींसाठी एक गळा लावा. २५ इंच लांब आणि सहा इंच रुंद सुती पट्टी घ्या, टोकं जोडून गोल करा, वरच्या कडेला नाडी घालण्यापुरती दुमड शिवा आणि खालची कड आत दुमडून पिशवीच्या तोंडाला आतून बसवा. नाडी ओढली की तोंड बंद. आमच्या दोघी म्हणतात, आता ठसका लागलाच तर भाजीतल्या मिरचीचाच लागतो!

मशिनीबद्दल दोन शब्द. पट्ट्याचे थर जाड असतात. १६ किंवा १८ नंबरची सुई लावा, टाका थोडा लांब करा आणि जिथे फार जाड होतं तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवा. नाहीतर सुई तुटून डोळ्याकडे उडते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, तो ओढ सहन करतो. मशीन नसेल तरी अडत नाही. हातटिपेने शिवलेला पट्टाही पक्का बसतो, फक्त दोरा दुहेरी घ्या. वेळ मात्र जास्त लागतो.

वेळ म्हटलं की आपण पुन्हा हिशेबावर येतो. दुसऱ्यांदा आम्ही मोबाइलमध्ये घड्याळ लावून बसलो. कामाची वाटणी केली. एकीने फक्त कापायचं, एकीने पट्टे, दोघींनी मशीन, एकीने दोरे तोडून तपासायचं. आणि आमच्या लक्षात एक गंमत आली. मोठ्या तुकड्यांची पिशवी सगळ्यांचा वेळ मिळून ५० मिनिटांत झाली. लहान चिंध्या जोडलेल्या पिशवीला मात्र तेच तीन तास. चिंधी जितकी लहान, तितकी पिशवी महाग! आम्ही तोवर उलटंच समजत होतो.

५० मिनिटांचे तासाला ३९ रुपयांनी साडेबत्तीस रुपये होतात. दोरा, सुई, तेल, साबण, नाडी, लागलं तर अस्तराला मांजरपाट, याचे आम्ही १४ धरले. ने-आण आणि खराबी ८. झाले साडेचोपन्न. गटाच्या फंडाला साडेपाच. पिशवी ६० रुपयांना. चिंध्यांची पिशवी याच हिशेबाने दीडशेच्या घरात जाते, आणि आमच्या आठवडे बाजारात दीडशेची पिशवी कुणी घेत नाही. मग आम्ही ठरवून टाकलं. विकायला मोठ्या तुकड्यांची पिशवी. लहान चिंध्यांची पिशवी घरच्यासाठी, माहेरवाशिणीसाठी, किंवा कुणी पूर्ण भाव देऊन मागितली तर. बारीक कातरण उशीत.

साठ रुपये सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणतंच, ''लग्नात कापडी पिशवी फुकट मिळते.'' त्यावरही उत्तर तयार ठेवा. लग्नात किंवा दुकानात मिळणारी ती पातळ, पत्रावळीसारखी सळसळणारी पिशवी कापडी दिसते, पण पुष्कळदा ती विणलेली नसते, प्लॅस्टिकच्या तंतूंची दाबून केलेली असते. तिचा एक धागा काढायला जा, धागा निघतच नाही. तीही प्लॅस्टिकच आहे, म्हणून सरकारी नियमाने ती ६० जीएसएमपेक्षा पातळ चालत नाही. महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवरची बंदी २३ जून २०१८ पासून अमलात आली. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशवीला मनाई आहे. तरी बाजार उठल्यावर मैदानात काय उडत असतं आणि आपली गाय काय चघळत असते, ते आपण बघतोच. आम्ही गिऱ्हाइकाला एवढंच म्हणतो, पट्टा ओढून बघा. आणि वर्षाच्या आत पट्टा तुटला तर आम्ही शिवून देऊ. हा शब्द दिल्यापासून भावाची घासाघीस कमी झाली, आणि आमच्याही हातून ढिलाई होत नाही.

ज्या दोघी निंदणीला जायचं म्हणाल्या होत्या, त्या अजून गटात आहेत. निंदणीलाही जातात. पिशव्यांवर घर चालतं असं आम्ही म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. पण ज्या दिवशी शिवणाचं काम असतं त्या दिवशी शिवणाची मजुरी शेताच्या मजुरीसारखीच वहीत लिहिली जाते, नावासमोर, तासासकट. घरात कुणी म्हटलं, ''बसून चिंध्याच तर जोडते,'' तर वही दाखवता येते.

ती पहिली तुटकी पिशवी आम्ही टाकली नाही. मशिनीवर खिळ्याला टांगली आहे. गटात नवी बाई आली की तिला आधी तीच दाखवतो.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी मशिनीखालचं गाठोडं सोडा. एक डबा घ्या, एक पिशवी शिवा. पहिली पिशवी विकू नका. स्वतः वापरा, महिनाभर भरलेला डबा घेऊन फिरा, चार वेळा धुवा. ती टिकली तर दुसरी शिवा. आणि दुसरी शिवताना घड्याळ समोर ठेवा.

रामराम.

(श्रोत्या बहिणींनी मागितल्यावरून मापं पुन्हा. डबा साडेपाच इंच रुंद, सात इंच उंच. बाहेरचे तुकडे १३ × १५ इंच, दोन. अस्तर १३ × १३॥ इंच, दोन. पट्ट्या ४ × ४० इंच, दोन. गळा २५ × ६ इंच, एक. माया सगळीकडे अर्धा इंच. तळ ६ × ६ इंच.)